लिंकबाई

‘लिंक नाही’ हे दोन शब्द गेल्या वीस वर्षांत मी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा रामनाम घेतलं असतं तर आज मी बँकेत कारकून नसतो. कुठल्या तरी मठात लोडाला टेकून बसलो असतो आणि आमचेच मॅनेजर ठेवी मागायला दारात उभे असते.

आमची शाखा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. बँकेचं नाव सांगत नाही. कारण पुढे जे घडलं त्यात बँकेचा काही दोष नाही, आणि ज्याचा आहे त्याचं नाव शेवटी कळेलच.

तर त्या महिन्यात लिंकने फारच छळ मांडला होता. शिपाई दहाच्या आधी शाखा उघडायचा तेव्हा ती हजर असायची. मी सवयीप्रमाणे थोडा उशिरा, म्हणजे सव्वादहाच्या सुमारास पोचायचो आणि टेबलाशी स्थिरस्थावर होतो न होतो तोच ती जायची. मग दुपारी दोन वाजता आम्ही जेवायला डबे उघडले, की आली! बाहेर गिऱ्हाइकं ओरडताहेत, ‘लिंक आली, लिंक आली’, आणि आत आमच्या तोंडात घास. ‘हिले भाजीचा वास बरोब्बर येते,’ असं आमचा शिपाई म्हणायचा. गुरुवारी मात्र दिवसभर लिंक राहायची. त्याचं श्रेय मॅनेजरसाहेबांनी शेगावच्या गजानन महाराजांना देऊन टाकलं होतं. मीही गुरुवार करतो, त्यामुळे मला ते पटलं.

अशाच एका बुधवारी काउंटरसमोर एक म्हातारबा उभे राहिले. निराधार योजनेचे पैसे काढायचे होते. मी मान वर न करता जप सोडला, ‘लिंक गेली, बाबाजी.’

म्हातारबा हलले नाहीत. पासबुक रुमालात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, ‘काहो साहेब, या लिंकबाई रोजच सुट्टीवर राह्यतात का?’

मी मान वर केली.

‘तीन डाव झाले मी येऊन ऱ्हायलो. दरखेपी तुमी म्हंता, लिंक गेली. एक वाजताची बस गेली तं मले रातच्याला पायी जा लागते. बाई गेली तं गेली बाप्पा, पन तिच्या जाग्यावर दुसरी काहून नाई देत सरकार?’

रांगेतली दोन पोरं हसली. मीही हसलो आणि त्यांना समजावायला तोंड उघडलं, ‘बाबाजी, लिंक म्हणजे बाई नाही. लिंक म्हणजे...’ आणि तिथेच थांबलो. लिंक म्हणजे काय? बी. कॉम. झालो, बँकेच्या दोन परीक्षा दिल्या, वीस वर्षं जिच्या नावाने लोकांना परत पाठवलं, ती कोण, कुठून येते, कशाने जाते, यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. निदान म्हातारबांनी तिला बाई तरी केलं होतं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. ते एकच्या बसने रिकाम्या हाताने गेले, आणि त्या दिवशी मला डबा गोड लागला नाही.

लिंक फायबरमधून येते एवढं ऐकून होतो. माझा भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे. त्याच्याकडून ऑप्टिकल फायबरवरचं पुस्तक मागवलं. त्याची पहिली चार पानं सज्जन होती. पाचव्या पानावर एकदम उलटे त्रिकोण सुरू झाले. उलटा त्रिकोण मी त्याआधी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता: कुटुंब नियोजनाच्या जाहिरातीत, भिंतीवर, लाल रंगात. तिथे तो ‘आता थांबा’ असं सांगायचा. मी इथेही थांबलो.

शनिवारी घरी परतताना रस्त्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक तरुण ताडपत्री अंथरून बसलेला दिसला. जेसीबीने रस्त्याचं काम करताना केबल तोडली होती आणि तो ती जोडत होता. मी स्कूटर थांबवली. आम्ही तिकडचे लोक ओळख नसताना बोलायला लाजत नाही.

‘भाऊ, हे शिकायला गणित किती लागतं?’

‘तुमचं शिक्षण काय, साहेब?’

‘बी. कॉम.’

‘मग तं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्तच येते,’ तो म्हणाला, आणि त्याने मला एक धागा दाखवला.

आमचा जिल्हा कापसाचा. धागा म्हटलं की आम्ही लांबी विचारतो. एकोणतीस-तीस मिलिमीटरचा धागा निघाला की जिनिंगवाला गप्प बसून भाव देतो. हा धागा काचेचा होता आणि किलोमीटरच्या किलोमीटर अखंड होता. जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. डोक्याच्या केसाहून थोडा जाड. आणि त्याच्याही पोटात, अगदी मधोमध, वेगळ्या काचेची नऊएक मायक्रॉनची रेघ. उजेड धावतो तो तेवढ्या रेघेतून.

‘आणि ही आतली रेघ भरतात कशी?’ मी विचारलं. तो म्हणाला, आधी काचेचा जाड दांडा करतात, त्यातच आतली आणि बाहेरची काच असते. मग उंच मनोऱ्यावर तो दोन हजार अंशांच्या आसपास तापवून खाली ओढतात. असा कारखाना आपल्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. मला एकदम आमच्या घरची पुरणपोळी आठवली. उंड्यात पुरण जितकं असेल, त्याच प्रमाणात ते लाटलेल्या पोळीतही राहतं. पोळी कितीही मोठी होवो, पुरण मधेच. आणि ओढायचं कसं, तर पाकाची तार ओढतात तसं. म्हणजे या शास्त्राचा अर्धा भाग आमच्या सौभाग्यवतींना येत होता आणि मी उगाच भाच्याकडे गेलो होतो.

‘पण उजेड बाहेर का सांडत नाही?’

‘ते घरी करून पाहा,’ तो म्हणाला, आणि कृती सांगितली.

रविवारी मी कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीला बुडाजवळ एक भोक पाडलं, पाणी भरलं, त्यात चमचाभर दूध टाकलं आणि चिरंजीवांचा लाल लेझरचा दिवा घेऊन न्हाणीघरात दार लावून बसलो. भोकातून पाण्याची धार पडायला लागली. मी बाटलीच्या पलीकडच्या बाजूने दिवा बरोबर भोकावर रोखला. उजेड सरळ जातो असं शाळेत शिकलो होतो. पण इथे धार वाकली आणि तिच्याबरोबर उजेडही वाकला. धारेखाली तळहात धरला तर लाल ठिपका माझ्या हातावर नाचत होता.

‘अहो, अंधारात काय करताय आत?’ बाहेरून आवाज आला.

‘उजेड पाडतोय,’ मी म्हणालो.

‘तुम्ही?’ एवढंच ती म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली की बायका मोठी वाक्यं बोलत नाहीत.

हा माझा शोध नाही. १८४१ साली जिनिव्हात डॅनिएल कोलॅडॉन नावाच्या प्राध्यापकांनी पाण्याच्या धारेत उजेड असाच कोंडून दाखवला होता. आणि याचं कारण मला लहानपणी विहिरीतच भेटलं होतं, फक्त ओळख झाली नव्हती. पाठीला भोपळा बांधून आम्ही विहिरीत पोहायचो. बुडी मारून सरळ वर पाहिलं तर आभाळ दिसायचं. पण तिरकं पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चमकायचा, पलीकडचं काही दिसायचं नाही. पाण्यातला उजेड सरळ वर गेला तर बाहेर पडतो. उभ्या रेषेपासून ४९ अंशांहून जास्त तिरका गेला की पृष्ठभाग त्याला सगळाच्या सगळा परत पाठवतो. आमच्या वसुलीसारखं नाही, शंभर टक्के परत! काचेच्या धाग्यातही तेच. बाहेरची काच आतल्या काचेहून किंचित विरळ असते. फरक टक्काभरसुद्धा नसतो, पण जवळजवळ सरळ निघालेल्या उजेडाला तेवढी भिंत पुरते. अगदी बारीक रेघेत उजेड नुसता आपटत जात नाही, लाटेसारखा वाहतो. तिथे मात्र ते उलटे त्रिकोण लागतात. जोड मारायला लागत नाहीत, असं त्या तरुणाने सांगितलं होतं, आणि मला जोडसुद्धा मारायचा नव्हता.

हा उजेड आपलं खातं कसं घेऊन जातो? तर उघडझाप करून. दिवा लागला म्हणजे एक, विझला म्हणजे शून्य. घरोघरी येणाऱ्या फायबरमध्येसुद्धा ही उघडझाप सेकंदाला अडीचशे कोटींच्या घरात चालते. उजेड काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटर जायला सेकंदाचा दोनशेवा भाग. आमच्या दारव्ह्यावरून जाणारी, आता बंद पडलेली शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वेगाची गंमत जास्त कळेल. शकुंतलेतून उतरून, लघुशंका करून, पुन्हा तीच गाडी धरता येत असे.

आता खरी मेख. उजेड सांडत नाही, पण वाटेत खर्च होतो. काच त्याला थोडंथोडं खाते. आमच्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर काच आहे, तिच्याखाली देवाचे फोटो आणि सुट्ट्यांची यादी. वरून ती स्वच्छ दिसते; कडेने पाहा, हिरवी दिसते. तेवढ्या काचेत उजेड कसा मुरतो ते तिथे कळतं. १९६६ साली चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये हिशेब मांडला. त्या काळच्या चांगल्या काचेतही वीस मीटरमध्ये उजेड शंभरातला एक उरायचा. काव म्हणाले, दोष काचेचा नाही, तिच्यातल्या भेसळीचा आहे. एक पूर्ण किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक उरेल इतकी शुद्ध काच करा, की टेलिफोन काचेवरून चालेल. १९७० साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या लोकांनी ती करून दाखवली. आणि १९७९ साली पुण्यात शिवाजीनगर आणि कॅन्टोन्मेंट या दोन एक्स्चेंजांमध्ये भारतातली पहिली अशी लाइन सुरूही झाली. पुणेकरांनी ही गोष्ट इतकी वर्षं आम्हाला ऐकवली कशी नाही, याचं मला नवल वाटतं.

कावना २००९ साली नोबेल मिळालं. पण १९५४ सालीच लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्याबरोबर काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवणारे, आणि पुढे ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ करणारे, पंजाबातल्या मोग्याचे नरिंदरसिंग कपानी त्या यादीत नव्हते. ते २०२० साली गेले. पद्मविभूषण २०२१ साली, मरणोत्तर. बँकेत काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सेवाज्येष्ठता एकाची, बढती दुसऱ्याची, आणि सत्कार निरोप समारंभानंतर.

आज चांगल्या फायबरमध्ये दर किलोमीटरला साडेचार टक्के उजेड खर्च होतो. हा आकडा वाचला आणि मी खुर्चीतून उठलो. साडेचार टक्के, आणि तेही दरवेळी उरलेल्या रकमेवर! अहो, हा तर घसारा! बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला ऱ्हासमान शिल्लक पद्धतीने यंत्रसामग्रीवर काढत होतो तोच. किंवा चक्रवाढ व्याज उलटं चालवा. आणि चक्रवाढ म्हटलं की आमचा बहात्तरचा नियम आलाच: बहात्तरला दराने भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट. बहात्तर भागिले साडेचार, सोळा. उजेड घटत जाणारा, म्हणून थोडं कमी धरा: पंधरा किलोमीटरला निम्मा. तीसला पाव. पंचेचाळीसला दोन आणे. दारव्हा ते यवतमाळ तेवढंच अंतर आहे. म्हणजे इथून सोडलेल्या रुपयातले दोन आणे यवतमाळला पोचतात. सरकारी योजनांच्या मानाने हे प्रमाण उत्तमच म्हणायचं.

डेसिबल नावाचा जो बागुलबुवा आहे, तोही आत शिरल्यावर खतावणीच निघाला. निम्मं झालं की तीन वजा. दशांश झालं की दहा वजा. गुणाकार-भागाकार नाही, नुसती बेरीज-वजाबाकी. पंधरा किलोमीटरला तीन खर्ची. जोडाला किंचित. एका फायबरची वाटणी करून बत्तीस घरांना दिली, की पाच वेळा निम्मं, म्हणून पंधरा वजा. सातबाऱ्यावर वारस चढले की प्रत्येकाच्या वाट्याला गुंठे येतात, तसं. एक मिलिवॅट उजेड म्हणजे शून्य धरायचं, म्हणून मीटरवर सगळे आकडे उणे. उणे वीस म्हणजे मिलिवॅटचा शंभरावा भाग, उणे तीस म्हणजे हजारावा. साधारण उणे सत्तावीसपर्यंत घरचं यंत्र निभावून नेतं. आमच्याकडे उणे एक झालं तरी नोटीस जाते.

सोमवारी सकाळी साडेदहाला तोच तरुण मीटर घेऊन आमच्या शाखेत आला. मी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, ‘किती आहे? उणे सत्तावीसच्या आत ना?’ मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे अशा आदराने पाहिलं की वार्षिक अहवालात एखादा शेरा वाढेल असं वाटलं.

‘उणे एकतीस,’ तो म्हणाला. ‘बाहेरपर्यंत बरोबर येते. आत कुठंतरी खाऊन ऱ्हायली.’

तो भिंतीच्या कडेने वायर धरत धरत निघाला. कपाटाच्या मागून, कॅलेंडरच्या खालून, आणि माझ्या खुर्चीमागच्या खिळ्याशी येऊन उभा राहिला.

‘साहेब, ही पिशवी कोनाची?’

खिळ्यावर वायरचं वेटोळं अडकवलेलं होतं. वेटोळ्यावर माझी पिशवी. पिशवीत चार पुडांचा स्टीलचा डबा, पाण्याची बाटली आणि छत्री. वायर खिळ्यावर केसाच्या चिमट्यासारखी दुमडली होती. उजेड तिरका असेल तोवर भिंत त्याला परत पाठवते. असा काटकोनात वळवला की तो भिंतीवर सरळ धडकतो आणि बाहेर पडतो. त्याने पिशवी उचलली. मीटर उणे बावीसवर आला. पिशवी ठेवली, उणे एकतीस. उचलली, उणे बावीस. सगळी शाखा बघत होती.

मी मनातल्या मनात हिशेब केला, कारण आता येत होता. नऊचा फरक. तीन वेळा निम्मं. पंचेचाळीस किलोमीटरच्या काचेत जेवढा उजेड खर्च होतो, तेवढा माझ्या डब्याने एका खिळ्यावर खाल्ला होता.

‘दोनला तुम्ही डबा काढता,’ शिपाई सावकाश म्हणाला, ‘मंग पिशवी हलकी होते.’

‘आणि गुरुवारी तुमचा उपास,’ मॅनेजरसाहेब म्हणाले. गजानन महाराजांचं श्रेय काढून घ्यावं लागल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

म्हातारबा त्या आठवड्यात पुन्हा आले. मी त्यांना काउंटरच्या आत बोलावून खुर्ची दिली. त्या तरुणाने टाकून दिलेला एक वायरचा तुकडा मी मागून ठेवला होता. मोबाइलचा दिवा एका टोकाला धरला आणि दुसरं टोक त्यांच्यासमोर केलं. तिथे मोहरीपेक्षाही लहान एक उजेडाचा ठिपका उमटला.

‘चांदनी दिसते बाप्पा,’ ते म्हणाले.

‘बाबाजी, हीच तुमची लिंकबाई. काचेचा धागा आहे. यातून उजेड जातो, उजेडातून तुमचा हिशेब जातो. नारंगी नळीत घालून जमिनीतून आणतात.’

‘नारंगी नळी?’ म्हातारबा सरळ बसले. ‘रस्त्याच्या कडंनं? थे तं आमी गाडली ना साहेब! मीटरच्या भावानं नाली खंदली. मी, माही बुढी अन् पोरगा. पानी लागलं, मुरूम लागला, तरी ठेकेदार म्हने अजून खोल घ्या, अजून खोल घ्या. पुरुषभर खोल गेलतो आमी!’

२०११ साली सरकारने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरवलं, ती योजना पुढे भारतनेट म्हणून चालली, हे मी वाचलं होतं. अशा नळ्यांसाठी नाली कोणी खणली हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मला वाटलं, आता सांगून टाकावं. सांगितलं. डबा, खिळा, पिशवी, गुरुवार, सगळं सांगितलं. तुमच्या चारही खेपा माझ्यापायी वाया गेल्या, म्हणालो.

म्हातारबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे. मग तोंडातल्या उरलेल्या तीन दातांनिशी ते इतके हसले की रांगेतली माणसं वाकून आत बघायला लागली.

‘अरे लेका,’ ते म्हणाले, ‘आमी पुरुषभर खोल गाडली, अन् तुमी डब्याखाली दाबली!’

पैसे मोजून घेऊन ते एकच्या बसला गेले. डबा मी आता मांडीवर घेऊन बसतो.